सेकंडहँड कॉम्प्युटर, सीडी एकही नाही, आणि दर तासाला आपोआप बंद (इंदूर)

रामबागकर
नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या वाचनालयासाठी आर.एन.टी. मार्गावरच्या कॉम्प्युटर बाजारातून एक वापरलेला डेस्कटॉप घेतला. आय-फाईव्ह, चौथी पिढी, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस बोलायला गोड आहे, फक्त आता फोन उचलत नाही. घेताना सीडीबद्दल विचारलं तर म्हणाला, "अंकल, आजकल कोई नहीं देता."

सुरुवातीला छान चालला. आता पडद्यावरचं चित्र जाऊन नुसता काळा पडदा दिसतो, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं आली आहेत, आणि सुरू केल्यावर साधारण तासाभरात स्वतःहून बंद होतो. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद एक्सेलमध्ये चालते. मधेच बंद पडला की त्या संध्याकाळचे वाचक पुन्हा हुडकत बसायचं. शेजारचा मुलगा व्हायरस म्हणतो, आमचे खजिनदार पॉवर सप्लाय म्हणतात, आणि कोपऱ्यावरचा रिपेअरवाला म्हणतो "फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून देतो, पाचशे द्या."

दुसरी अडचण जास्त जिव्हाळ्याची. आमच्या जुन्या वार्षिक अंकांच्या फायली जुन्या मशीनवरून डी ड्राइव्हमध्ये आणून ठेवल्या आहेत. काही वर्डच्या, काही पेजमेकरच्या. उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या चिन्हांची भेळ दिसते. पेजमेकरच्या तर उघडतच नाहीत. फॉन्टची सीडी ज्या गृहस्थांकडे होती ते आता नाहीत.

सीडीशिवाय यातलं काही घरच्या घरी सुटतं का?

खटपट्या
काका, आधी एक करा. कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका. डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नव्हे, त्याच डिस्कचा एक तुकडा आहे. घाईत सगळे तुकडे एकत्र करून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तुमचे अंक आज दुसऱ्या जागी, पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, उतरवून घ्या. तासाभराची मुदत आहे तेवढी पुरे.

मग तीन गोष्टी सांगा. कोपऱ्यात नेमकं काय लिहिलंय? डब्यावर विंडोजचं स्टिकर आहे का, त्यावर काय आहे? आणि विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा, जी चौकट उघडेल तिच्यात एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लागून डीएलआय असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर मारा. जो मजकूर येईल त्याचा फोटो काढा.

सुदामानगरी
पॉवर सप्लायच असणार. आमच्याकडे असंच होत होतं. वीज वरखाली होते, त्याने एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायचा डबा) जातो.

खटपट्या
@सुदामानगरी, एसएमपीएस गेला की धाडकन बंद पडतं, घड्याळ लावून नाही. इथे काका तासाभराने म्हणतायत आणि पडदाही काळा झालाय. मला वेगळाच संशय आहे. फोटो येऊ दे.

रामबागकर
कोपऱ्यात: विंडोज १० एंटरप्रायझ इव्हॅल्युएशन, त्याखाली विंडोज लायसन्स इज एक्स्पायर्ड, मग काही आकडे. त्या चौकटीत बरंच काही आलं, त्यात टाइमबेस्ड आणि ईव्हॅल हे शब्द आहेत. डब्याच्या बाजूला निळं चौकोनी स्टिकर आहे, विंडोज ८ प्रो. त्यावर नंबर मात्र नाही.

अंक पेन ड्राइव्हवर घेतले. पेजमेकरच्या फायलीही घेतल्या, उघडोत न उघडोत.

खटपट्या
झालं, निदान पक्कं. व्हायरस नाही, हार्डवेअर नाही. तुमच्या मशीनवर चाचणीची विंडोज आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपन्यांच्या आयटी विभागांसाठी एंटरप्रायझ आवृत्ती ९० दिवस वापरून बघायला फुकट देते. मुदत संपली की पडदा काळा होतो, लायसन्स संपल्याची सूचना येत राहते आणि मशीन दर तासाला बंद होतं. हे बिघाड म्हणून होत नाही, ती व्यवस्था मुद्दामच तशी केलेली आहे. दुकानदाराने ती टाकली, मशीन काही दिवस त्याच्याकडे पडून राहिलं, आणि उरलेले दिवस तुमच्या वाटणीला आले.

यावर लोक जे उपाय सुचवतील त्यातले बरेच इथे लागू नाहीत, म्हणून आधीच सांगतो. सेटिंग्जमधलं 'रीसेट धिस पीसी' एरवी फार गुणाचं आहे, सीडीशिवाय विंडोज नवी करून देतं. २०२० पासून विंडोज १० मध्ये इंटरनेटवरून ताजी प्रत उतरवून घ्यायचा पर्यायही त्यात आहे. पण ते आहे तीच आवृत्ती पुन्हा बसवतं. चाचणीची विंडोज रीसेट केली की चाचणीचीच विंडोज मिळणार. तसंच एसएफसी आणि डिझम या दोन आज्ञा. विंडोजच्या फायली खराब झाल्या असतील तर आधी डिझम आणि मग एसएफसी चालवायचं, पुष्कळदा काम होतं. तुमच्या फायली धडधाकट आहेत, लायसन्सच मेलंय. चाचणीच्या आवृत्तीत विकत घेतलेली किल्ली (प्रॉडक्ट की) घातली तरी ती चालत नाही. विंडोज नव्यानेच बसवायला हवी.

आता चांगली बातमी त्या स्टिकरमध्ये आहे. विंडोज ७ पर्यंत स्टिकरवर २५ अक्षरांची किल्ली छापलेली असायची. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्या ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डाच्या चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोरून देतात, म्हणून तुमच्या स्टिकरवर नंबर नाही. डिस्क बदला, फॉरमॅट करा, ती किल्ली जात नाही. मदरबोर्ड बदलला तरच जाते.

पण इथे एक मेख आहे. विंडोज ७ किंवा ८ च्या किल्लीवर विंडोज १० चालू करून घ्यायची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. म्हणून निव्वळ किल्लीवर भरवसा ठेवता येत नाही. मात्र तुमचं मशीन पूर्वी ज्या ऑफिसात होतं तिथे त्यांनी ८ वरून १० वर नेलं असेल, आणि बहुतेक ऑफिसांनी नेलंच, तर त्या मदरबोर्डची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. विंडोज १० प्रो बसवायची, किल्ली विचारली की 'माझ्याकडे किल्ली नाही' निवडायचं, इंटरनेट जोडायचं आणि वाट बघायची. नोंद असेल तर आपोआप चालू होते. प्रोच निवडा. होम बसवलीत तर नोंद असूनही जुळणार नाही.

झटपट
एवढी यातायात कशाला? किल्लीशिवाय विंडोज चालू करणारा ॲक्टिव्हेटर मिळतो नेटवर. दोन मिनिटांत काम. माझ्या तिन्ही मशीनवर आहे.

खटपट्या
आणि चालवायच्या आधी तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो की नाही? वाचनालयाच्या मशीनवर उद्या कोणी बँकेचं पान उघडेल, कोणी आधार छापून घेईल. अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला सगळी दारं उघडून द्यायची मला तरी हिंमत नाही. शिवाय त्या चोरवाटांतल्या कित्येक १८० दिवसांच्या नूतनीकरणावर चालतात. ते अडलं की काका पुन्हा इथेच धागा काढणार.

जेलरोडी
इंदूरच्या बाजारात गेली बरीच वर्षं हेच काम करतो म्हणून दुकानदाराची बाजू सांगतो. रागावू नका भिया लोक.

हा माल कंपन्यांच्या, बँकांच्या, कॉल सेंटरच्या लिलावातून लॉटमध्ये येतो. डिस्क बहुतेक वेळा नसतेच, कंपन्या काढून घेतात किंवा पुसून देतात. म्हणजे डिस्कवरचं जे कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन असतं, एचपीमध्ये एफ ११, एसरमध्ये ऑल्टबरोबर एफ १०, आसुसमध्ये एफ ९, तोशिबात शून्य दाबून धरायचं, ते सगळं डिस्कबरोबर गेलं. ते बटण घरात पहिल्यापासून असलेल्या लॅपटॉपला कामाचं. आमच्याकडून घेतलेल्यावर दाबून बसू नका.

मग आम्ही काय करतो? एका मशीनवर विंडोज, ऑफिस, ब्राउझर, व्हीएलसी सगळं लावून त्याची नक्कल बाकीच्या डिस्कांवर छापतो. पहिल्या मशीनवर जे लावलं ते सगळ्यांवर. कोणी चाचणीचं लावलं, कोणी चोरीचं. गिऱ्हाईक रॅम विचारतं, डिस्क किती जीबी विचारतं, लायसन्स कोणी विचारतच नाही. सीडी नाही ही मात्र दुकानदाराची लबाडी नव्हे. इतक्या वर्षांत नव्या मशीनबरोबरही डिस्क यायच्या बंदच झाल्या आहेत.

काका, एक सल्ला. आहे ती हार्ड डिस्क फॉरमॅट करूच नका. ती काढून कपाटात ठेवा आणि एक छोटी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) लावा, २५६ जीबी भरपूर झाली. विंडोज तिच्यावर नवी बसवा. काही राहिलं असेल तर जुनी डिस्क जशीच्या तशी हातात आहे. आणि चौथ्या पिढीचं मशीन एसएसडीवर इतकं बदलतं की तुमचे खजिनदार पॉवर सप्लायचं नावही काढणार नाहीत.

रामबागकर
ही जुनी डिस्क जपून ठेवायची युक्ती मला फार पटली. पण नवी विंडोज कुठून आणायची? दुसरं मशीन माझ्याकडे नाही, मुलगी पुण्याला.

खटपट्या
ह्याच मशीनवर करा, तासाभरात होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर विंडोज १० च्या पानावर मीडिया क्रिएशन टूल आहे. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा (अंकांचा नव्हे! त्यावरचं सगळं पुसलं जातं) आणि 'दुसऱ्या पीसीसाठी' हा पर्याय घ्या. डाउनलोड काही जीबींचं आहे, वाचनालयाचं नेट हळू असेल तर मशीन बंद पडून उठल्या उठल्या सुरू करा. त्या पेन ड्राइव्हमध्ये होम आणि प्रो असते, एंटरप्रायझ नसते. आपल्याला तेच हवंय.

मशीन सुरू होताना पेन ड्राइव्ह निवडायची बटणं अशी: डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९. बाकी कंपन्यांत पहिल्या पडद्यावर तळाशी लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायला सवड देत नाहीत.

आणखी एक: विंडोज बसवताना जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवा. दोन्ही लावलेल्या असल्या की चुकून भलतीच निवडली जाते, आणि कधीकधी विंडोज आपला बूटचा भाग जुन्या डिस्कवर ठेवून मोकळी होते. पुढे ती डिस्क काढली की नवी सुरूच होत नाही.

ग्वाल्हेरी
मी जरा वेगळं बोलतो. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, काकांच्या चौथ्या पिढीला ती अधिकृतपणे बसत नाही. मग मेलेल्या घोड्याला नाल कशाला ठोकता? विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. लायसन्सचा प्रश्नच नाही, सीडीचाही नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असली तर आरामात, काकांकडे ८ आहे. पेन ड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं, आवाज, नेट, प्रिंटर सगळं तपासा, आवडलं तर बसवा. विंडोज मेलेलं असलं तरी त्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून डिस्कवरच्या फायली काढून घेता येतात, हा फायदा वेगळाच.

दुसरा कॉम्प्युटरच नसेल त्यांच्यासाठी: अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने पेन ड्राइव्ह जोडून एचड्रॉइड नावाच्या ॲपने लिनक्सची आयएसओ (बसवायच्या डिस्कची एकाच फायलीतली नक्कल) त्यावर लिहिता येते. विंडोजची त्याने होत नाही.

खटपट्या
मिंटला माझा विरोध नाही, घरी तेच वापरतो. पण देवघेवीची एक्सेल फाईल कोणी बनवली, तिच्यात मॅक्रो आहेत का, काकांबरोबर बसणाऱ्या मंडळींना नवं शिकायची उमेद आहे का, हे न विचारता कुणाच्या गळ्यात लिनक्स मारायचं नाही असा माझा नियम आहे. वाचनालय तरुण पोरं चालवत असती तर पहिल्याच प्रतिसादात मिंट म्हटलं असतं.

आणि १० अगदी मेलेली नाही. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत, अपडेटच्या पानावरच नावनोंदणीचा दुवा असतो. तेवढ्या अवधीत मिंट शेजारी ठेवून हात बसवा. नियम चुकवून विंडोज ११ बसवणारेही आहेत. माझ्या प्रयोगाच्या मशीनवर मीही करतो, चार लोकांच्या मशीनवर नाही.

बडोद्याची_लेक
विंडोजचं तुम्ही लोक बघून घ्या, मी फॉन्टकडे वळते. बडोद्यात बरीच वर्षं डीटीपी केलंय, पत्रिका, स्मरणिका, मंडळांचे अंक. त्यामुळे ही भेळ माझ्या रोजच्या ओळखीची आहे.

काका, तुमच्या फायली बिघडलेल्या नाहीत. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत) सर्रास होण्याआधीच्या मराठी फॉन्टांत अक्षराचा नंबर इंग्रजीचाच असायचा, फक्त चित्र देवनागरी काढलेलं असायचं. फॉन्ट मशीनवर आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून आधी फॉन्टचं नाव शोधा. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक केलं की वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं, फॉन्ट मशीनवर नसला तरी. श्री-लिपीचे फॉन्ट, सी-डॅकच्या आयएसएमचे डीव्हीबी किंवा डीव्ही-टीटीने सुरू होणारे, कृतिदेव (मध्य प्रदेशात सरकारी हिंदी टायपिंगमुळे घरोघर), यांपैकी एक असण्याची शक्यता दाट.

नाव कळलं की ज्या जुन्या मशीनवरून फायली आणल्या तिची डिस्क अजून कुठे आहे का बघा. तिच्यात विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, त्या नावाची टीटीएफ फाईल तिथे मिळेल. मशीन सुरू होत नसलं तरी चालेल, डिस्क बाहेरून जोडली की झालं. सीडी आणि त्यासोबत येणारं डोंगल लागायचं ते त्या कीबोर्डवर टाइप करायला. आपल्याला नुसतं वाचायचं आहे, त्याला तुमच्या संस्थेनेच घेतलेल्या फॉन्टची फाईल पुरते.

पेजमेकरचंही अगदीच अवघड नाही. शेवटची आवृत्ती ७, २००१ सालची. ती विकत मिळत नाही आणि शोधूही नका, नेटवरच्या प्रती म्हणजे रोगाचं घर. लिबरऑफिसमधलं ड्रॉ पेजमेकरच्या फायली उघडतं. विंडोजवरही, मिंटवरही, फुकट. मांडणी थोडी विस्कटेल, चौकटी सरकतील, पण मजकूर हाती येतो. फॉन्ट बसवलेला असेल तर मराठीतच दिसेल.

मग तो कन्व्हर्टर प्रोग्रामने युनिकोडमध्ये बदला. नाहीतर पुढच्या पिढीला हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

रामबागकर
ताई, फॉन्टचं नाव सापडलं, तुम्ही म्हणता त्यातलंच, डीव्ही-टीटीने सुरू होणारं. जुनं मशीन वाचनालयाच्या माळ्यावर आहे, धूळ खात. डिस्क काढून आणतो.

पलासियावाला
माझा प्रश्न इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. वापरलेला लॅपटॉप घेतला, अगदी चकाचक, बिझनेस मॉडेल. साफ करावा म्हणून रीसेट केला. आता सुरू करताना वायफाय जोडलं की कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि त्यांचा ईमेल, पासवर्ड मागतो. विकणारा म्हणतो मला माहीत नाही.

खटपट्या
ऑटोपायलट. त्या कंपनीने तो लॅपटॉप आपला म्हणून मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेला आहे, आणि नोंद हार्डवेअरच्या ठशाशी बांधलेली असते. डिस्क बदला, विंडोज बदला, पुन्हा तेच येणार. ती कंपनीच नोंद सोडवू शकते, दुसरं कोणी नाही. युक्त्या विचारू नका, सांगणार नाही. कारण उद्या कळलं की लॅपटॉप ऑफिसातून उचललेला होता, तर?

जेलरोडी
परत करा भिया. पावती असेल तर त्याला घ्यावाच लागेल. लिलावाचा माल असेल तर विकणाऱ्याकडे लॉटचे कागद असतात, त्यावरून तो कंपनीला लिहून सोडवून घेऊ शकतो. आम्ही सोडवून घेतलेत. कागद नाहीत म्हणाला तर समजून जा.

सगळ्यांसाठी: वापरलेला लॅपटॉप घेताना दुकानातच रीसेट करायला लावा आणि स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट जोडून डेस्कटॉप येईपर्यंत उभे राहा. वेळ लागतो. तोवर छप्पन दुकानला खाऊन या, पण पैसे नंतर द्या. आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) शिरून बघा, तिथे पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच सोडा. आधीच्या मालकाचं बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकड्यांची किल्ली मागेल, ती त्याच्या खात्यात असते, दुकानदाराकडे नाही.

लोकमान्यनगरी
माझं मशीन बंद पडत नाही, पण कुठलीही साइट उघडली की 'सुरक्षित नाही' असं येतं. पोरगा म्हणतो विंडोज उडवून नवी टाकू.

खटपट्या
आधी घड्याळ बघा. तारीख कुठली दाखवतंय?

लोकमान्यनगरी
२०१४ चा जानेवारी! रोज दुरुस्त करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

खटपट्या
मदरबोर्डवर रुपयासारखा गोल सेल आहे, सीआर २०३२. तो संपलाय. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. साइटची प्रमाणपत्रं तारखेवरून तपासली जातात, मशीन २०१४ मध्ये बसलं तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं. घड्याळवाल्याकडेही मिळतो. लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा, बायोसमध्ये तारीख लावा. विंडोजला हात लावायची गरज नाही.

रामबागकर
मंडळी, हकीकत सांगतो. @जेलरोडी यांनी सांगितल्याप्रमाणे एसएसडी लावून घेतली, जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. पेन ड्राइव्ह तयार केला, विंडोज १० प्रो बसली. पण मग इंटरनेटच नाही! वायर जोडलेली, दिवा लुकलुकतोय, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा.

खटपट्या
फोन यूएसबी केबलने मशीनला जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज अपडेट एकदा चालवा, लॅनचा ड्रायव्हर बहुतेक तेच आणेल. राहिलेच तर मशीनच्या मागच्या चिठ्ठीवरचा सीरियल किंवा सर्व्हिस नंबर कंपनीच्या साइटवर टाका, नेमक्या त्या मॉडेलचे ड्रायव्हर मिळतात. 'तुमचे सगळे ड्रायव्हर शोधून देतो' म्हणणारे प्रोग्राम मात्र घेऊ नका, ते ड्रायव्हरसोबत अर्धा बाजार आणून टाकतात.

रामबागकर
टेदरिंगने काम झालं. आणि अपडेट चालू असतानाच ॲक्टिव्हेशनच्या पानावर आलं: डिजिटल लायसन्सने चालू झालं आहे. म्हणजे आधीच्या ऑफिसने खरंच १० वर नेलं होतं. वाढीव अपडेटची नोंदणीही केली. आज सकाळपासून मशीन चालू आहे. खजिनदार दर तासाला घड्याळ बघतात.

एक राहिलं. वाचनालयाचा जुना एचपी १०२० लेझर प्रिंटर, त्याचीही सीडी नाही.

ग्वाल्हेरी
विंडोजवर एचपीच्या साइटवरून ड्रायव्हर मिळतो. मिंटवर एचपीलिप (एचपीच्या प्रिंटरांचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) आधीपासून असतं, पण १०२० ला एक जादा प्लगइन लागतं, कारण ह्या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं सॉफ्टवेअर टिकत नाही, चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरकडून घेतो. एचपीलिप स्वतःच विचारतं, हो म्हणा. बाकी काही नाही.

बडोद्याची_लेक
फॉन्टचं काय झालं, काका?

रामबागकर
माळ्यावरच्या डिस्कमधून टीटीएफ फाईल मिळाली! बसवली आणि वर्डच्या सगळ्या फायली मराठीत दिसू लागल्या. लिबरऑफिस ड्रॉमध्ये एक पेजमेकरचा अंक उघडला, मुखपृष्ठ मोडलंय, पण आतले लेख शाबूत. एका लेखाचं कन्व्हर्टरने युनिकोड केलं. बरंचसं बरोबर आलं, पण काही ठिकाणी पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली आहे, आणि 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' अशा शब्दांत रफार आला आहे: 'दुसर्या', 'करणार्या'. शेकडो ठिकाणी आहे. हाताने करत बसू का?

बडोद्याची_लेक
वेलांटीचं कारण असं की जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. साध्या अक्षरांत कन्व्हर्टर ती बरोबर फिरवतो, 'स्थिती', 'शक्तिमान'सारख्या जोडाक्षरांत घसरतो. तिथे डोळ्यांनीच वाचावं लागतं. कोणी दोघांनी बसा, एकाने जुना छापील अंक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं.

ऱ्य चं मात्र शोधा-आणि-बदला करता येतं. कन्व्हर्टर बहुतेक हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, हिंदीला हा र लागत नाही. सरसकट 'र्य' चा 'ऱ्य' करू नका, नाहीतर 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' सगळ्यांची वाट लागेल. आधी 'णार्य' च्या जागी 'णाऱ्य' करा: करणाऱ्या, येणाऱ्या, लिहिणाऱ्यांनी, सगळे एका फटक्यात सुटतात, कारण 'णार्य' असलेला दुसरा शब्द सहसा सापडत नाही. मग 'दुसर्य', 'तिसर्य', 'अपुर्य', 'गोर्य' असे एकेक. उरलेले शोधत जा आणि प्रत्येक ठिकाणी बघून बदला.

नव्याने टाइप करताना: विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड येतोच, वेगळं काही घ्यायला नको. त्यात शिफ्टबरोबर जे दाबलं की हा र मिळतो, मग डी ने पाय मोडायचा, मग य. आणि ळ शिफ्टबरोबर एन वर. मंगल फॉन्ट सापडला नाही तर घाबरू नका, विंडोज १० मध्ये तो 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे जादा फॉन्ट म्हणून घ्यावा लागतो. निर्मला मात्र आधीपासून असतो.

रामबागकर
'णार्य' चालवलं. एका अंकात केवढे निघाले! आपण मराठी लोक सारखं करणाऱ्यांबद्दलच लिहितो असं दिसतंय. 'आचार्य' सगळे शाबूत आहेत, तपासले. उद्या खजिनदारांना छापील अंक घेऊन वाचायला बसवतो.